सरांनी घरी बदललेले ब्रेक

केरबावर अन्याय झाला. दसऱ्यानंतर आलेल्या पहिल्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता, लोह्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. त्याच सकाळी साडेदहाला तो चालवत असलेली गाडी नांदेड-लातूर रस्त्यावर सोयाबीनच्या ढिगात घुसली होती आणि त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. तो अपघात होता. अन्याय त्यानंतर साडेतीन तासांनी झाला. मागच्या सीटवरून उतरलेले, अंगावर एक ओरखडा नसलेले सर जमलेल्या लोकांना म्हणाले, "पायडल चुकला त्याचा. ब्रेक म्हणून क्लच दाबला. ब्रेकची शंका नको, ते मी स्वतः बसवलेत. घरी."

केरबाचं नाव मी लिहिलं. सरांचं लिहिणार नाही. लातुरात ते नाव तीस वर्षं भिंतींवर रंगवलेलं होतं, तेवढं पुरे झालं.

सर फिजिक्सचे. अकरावी-बारावीला मी त्यांच्या क्लासला होते आणि आता नांदेडात त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. निवृत्तीनंतर सर नांदेडात आले, पण लातूर त्यांना सुटलं नाही. दर गुरुवारी पाहुणे शिक्षक म्हणून ते तिकडे जात. गाडी केरबा चालवायचा. केरबा कंधारजवळच्या खेड्यातला, पन्नाशीला आलेला माणूस. रोज एका संस्थेची स्कूल व्हॅन चालवायचा. त्या संस्थेचे सल्लागार सरच, त्यामुळे गुरुवारी व्हॅनला बदली ड्रायव्हर आणि सरांना केरबा, अशी सोय सरांनीच लावली होती. व्हॅनमधली पोरं त्याला केरबाकाका म्हणायची. सर त्याला "अरे" म्हणायचे.

सरांबद्दल चांगलं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको. सर शिकवायचे फार सुंदर. बारावीच्या परीक्षेआधी मी तापानं फणफणले होते, तेव्हा ते स्वतः खोलीवर आले, खुर्ची नव्हती तर पाण्याच्या टाकीवर बसले आणि अख्खं रोटेशन शिकवून गेले. जाताना म्हणाले, "ताप एकशे दोन आहे, मार्क त्याच्या खाली नकोत." आजही कुठं चाक फिरताना दिसलं की मला सरांचा आवाज ऐकू येतो. म्हणूनच राग जास्त आहे.

सर सगळ्याला मार्क द्यायचे. काकूंच्या वरणाला दहापैकी साडेसात, "मीठ योग्य, मांडणी विस्कळीत." शेजारच्या लग्नाला चार. दूधवाल्याला तोंडावर सहा. काकू लातूरच्या, तोंडानं तिखट. त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्या हातून आजवर एकच चूक झाली म्हणतेत. आन् ती म्हणजे म्या."

दुसरी सवय म्हणजे कुठल्याही कारागिराची तोंडी परीक्षा घ्यायची. नळवाला आला की त्याला दाबाची व्याख्या. इलेक्ट्रिशियन आला की ओहमचा नियम. तो बिचारा हातात टेस्टर घेऊन उभा, आणि सर, "सांग, सांग, घाई नाही." नांदेडातले सगळे कारागीर सरांनी असे नापास करून परत पाठवले होते. मग काम सर घरीच करायचे. गिझर सरांनी दुरुस्त केला, तेव्हापासून त्या घरात अंघोळीला रबरी चप्पल घालून जायची पद्धत पडली. पाहुण्यांना टॉवेलाबरोबर चप्पल मिळायची. काकू सांगायच्या, "घाला बर्का. सरांनी बसवलेला हाय."

आता 'घरीच करायचे' म्हणजे काय, तेही सांगते. सरांचा शर्ट पांढरा आणि पूर्ण बाह्यांचा. मी त्याच्यावर कधीही, एकदाही, ऑइलचा डाग पाहिला नाही. सरांच्या हातात असायची लाकडी पट्टी. पट्टीनं ते दाखवायचे, आणि पाना फिरवायचा तो केरबा. काम जमलं की सर म्हणायचे, "मी केलं." बिघडलं की, "केरबा, काय केलंस तू हे?" तीन-चार वर्षं मी हे वरच्या गॅलरीतून बघत होते. गंमत वाटायची. कामगार संघटनेची पत्रकं लिहिणारी मी, कामगार, श्रम, सन्मान हे शब्द महिन्याला रीमभर कागदावर छापणारी, आणि खाली अंगणात हे चाललेलं मला गमतीचं वाटायचं.

ब्रेकची गोष्ट अशी सुरू झाली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून खरर आवाज यायला लागला. केरबा म्हणाला, "सर, पॅड संपले. डिस्कला बी वळ पडलेत. मिस्त्रीकडं टाकू गाडी." सर गाडी घेऊन गॅरेजात गेले. मी बरोबर होते, मला पुढं उतरायचं होतं. मिस्त्री चाकाखाली आडवा पडलेला. सर वाकून त्याला म्हणाले, "घर्षण म्हणजे काय?"

मिस्त्री बाहेर आला. हात पुसले. सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "सर, गाडी ठिवायची असंल तर ठिवा. घर्षण बिल्कुल फुकट लावून देतो."

गाडी परत फिरली. "उद्धट आहे आणि पायाही कच्चा आहे," सर म्हणाले. "आपण घरी करू."

दसऱ्याचा मुहूर्त निघाला. त्या दिवशी जुने विद्यार्थी आपट्याची पानं द्यायला सरांकडे येतात, हे सरांना ठाऊक होतं. सरांना काम करायचं होतंच, पण वर्गही भरवायचा होता. नवे पॅड आणि नव्या दोन डिस्क आधीच आणून ठेवल्या होत्या. अंगणाच्या भिंतीवर खडूनं सतरा पायऱ्या लिहिल्या, मोत्यासारख्या अक्षरात. पहिली, "चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करणे." सतरावी, "निघण्यापूर्वी ब्रेकचे पायडल दाबून कडक होईतो पाहणे." खरं सांगते, यादी उत्तम होती. ती यादी पाळली असती तर आज मला काही लिहावं लागलं नसतं.

जमिनीवर अंथरायला सरांनी क्लासचा जुना फ्लेक्स काढला, 'गुणवंतांचे हार्दिक अभिनंदन' लिहिलेला. बोल्ट त्याच्यावर ओळीनं मांडायचे होते. कुठला बोल्ट कुठला हे लक्षात राहावं म्हणून सर सांगत होते, "हा जिल्ह्यात तिसऱ्या आलेल्या पोरीच्या कपाळावर ठेव. हा इंजिनिअरिंगवाल्याच्या नाकावर." माझा फोटो खालच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावर गाडी टेकवायची घोडी ठेवली.

चारच्या सुमाराला आम्ही बाराजण जमलो. कुणी डॉक्टर, कुणी तहसीलमध्ये, कुणी धर्माबादेत आडत चालवणारा. सगळ्यांच्या हातात पानं. सर म्हणाले, "बसा, सोनं नंतर. आधी घर्षण." आणि आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो, पंचवीस-तीस वर्षांचे घोडे, पुन्हा बाकावर बसल्यासारखे.

नट काही केल्या सुटेना. केरबानं कुठूनसा लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला, रेटा दिला आणि नट कुईं करून सुटला. सर आमच्याकडे वळले, "पाहिलंत? दांडा लांब, टॉर्क जास्त. हे याला कधी कुणी शिकवलंच नाही."

केरबा खाली बघूनच म्हणाला, "पाइप तर म्याच आणला की, सर."

आम्ही हसलो. सरही हसले. केरबाही हसला. इथवर सगळं छान होतं.

चाक निघालं. केरबानं कॅलिपर सोडवला, म्हणजे ज्या जबड्यात पॅड बसतात तो, आणि ब्रेकच्या नळीला ताण पडू नये म्हणून तारेनं वर टांगून ठेवला. हे यादीत नव्हतं. सरांनी मागाहून खडूनं 'सात-अ' म्हणून लिहिलं. जुनी डिस्क गंजून चिकटली होती. केरबानं लाकडाच्या ठोकळ्यानं हलक्या हातानं चारी बाजूंनी ठोकत ती सोडवली. नवी डिस्क हातात घेतली तशी ती आरशासारखी चमकली. अकरावी पायरी होती, "नव्या डिस्कवरचा तेलकट थर पेट्रोलने पुसणे. त्यानंतर बोटही लावू नये." केरबानं दोन्ही डिस्क दोन्ही अंगांनी पुसल्या, फडकं बदलून पुन्हा पुसल्या. सर म्हणाले, "दहापैकी नऊ."

आणि मग काकू पूजेचं ताट घेऊन आल्या.

दसऱ्याला गाडीची पूजा कोण करत नाही? बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकापुढं नारळ. काकू तेवढ्याच तयारीनं आल्या होत्या. वाटीत करडीच्या तेलात कालवलेलं कुंकू होतं. पण सरांना बॉनेटची पूजा मंजूर नव्हती. "बॉनेट काय करतं? काही करत नाही. बॉनेट म्हणजे झाकण. शस्त्र कोणतं? जे काम करतं ते. आज पूजा डिस्कची." असं म्हणून त्यांनी, आयुष्यभर अंधश्रद्धेला शून्य मार्क देणाऱ्या माणसानं, पट्टी काखेत धरली, वाटीत अनामिका बुडवली आणि पेट्रोलनं पुसलेल्या त्या डिस्कवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. मग दुसऱ्या अंगाला. मग दुसऱ्या डिस्कवर. मग पॅड राहिले म्हणून चारही पॅडना, जिथं ते डिस्कला घासतात तिथंच, एकेक बोट.

खडू सोडला तर अंगणातली ही एकच गोष्ट सरांनी खरोखर स्वतःच्या हातानं केली.

केरबा उठून उभा राहिला. "सर, तिथं तेल नगा लावू."

"का?"

"पॅड तेल पिऊन घेतंय. मग धरंना होतंय. पूजा चाकाची करा की, डिस्कला नगं."

"किती तेल आहे हे?" सरांनी बोट वर करून आम्हाला दाखवलं. "बोला रे. एवढ्या तेलाचा परिणाम?"

आणि आम्ही, बाराच्या बारा, एका सुरात ओरडलो, "नगण्य!"

कारण वर्गात तेच उत्तर असायचं. उतारावरून ठोकळा घसरतो, घर्षण नगण्य माना. कप्पीवरून दोरी जाते, घर्षण नगण्य माना. सरांनी दोन वर्षं आमच्याकडून घर्षण नगण्य मानून घेतलं होतं, आणि आम्ही ते इतक्या भक्तिभावानं मानलं होतं की समोर ब्रेक उघडा पडलेला असताना, ज्याचं सगळं अस्तित्वच घर्षणावर आहे, तिथंही आमच्या तोंडून तेच निघालं. टाळ्या पडल्या. तहसीलवाला म्हणाला, "केरबाकाका, तुम्हाला रिपीट करावं लागतं बघा." सगळे हसले. मीही हसले.

"पुसून घेतो की जरा, सर," केरबा पुन्हा म्हणाला.

"कुंकू पुसणार? दसऱ्याच्या दिवशी?" सरांचा आवाज चढला. केरबानं वाटी बाजूला सरकवली आणि सगळं तसंच जोडलं. त्याचा दोष कुठला शोधायचा असेल तर एवढाच शोधा.

संध्याकाळी त्यानं गल्लीत दोन चकरा मारल्या आणि आला. "गाडी डावीकडं ओढून राहिली, सर. लई लांब जाऊन थांबतीय."

"नवे पॅड रुळायला वेळ लागतो," सर म्हणाले. हे अर्धं खरं आहे. नवे पॅड रुळावे लागतातच. सरांच्या हातात अर्धं खरं असलं की ते पूर्ण मार्क घेऊन जात.

बुधवारी केरबानं पुन्हा विषय काढला. मी जिन्यात होते, ऐकलं. तो म्हणाला, "उद्या घाटाघाटानं जायचंय, सर. येकडाव मिस्त्रीला दाखवू."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" सर म्हणाले.

या प्रश्नाला व्हॅनचा ड्रायव्हर संस्थेच्या सल्लागाराला काय उत्तर देणार? म्हणाला, "तसं न्हाई, सर." गुरुवारी सकाळी त्यानं किल्ली घेतली.

लोह्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला सोयाबीनचे ढीग होते, खळ्याऐवजी डांबरावरच रास. समोर एस.टी. थांबलेली, बायका उतरून गाडीपुढून रस्ता ओलांडत होत्या. केरबानं ब्रेक दाबला. पायडल कडक लागला, पण गाडी सरकतच राहिली. त्यानं गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग कापलं आणि गाडी सोयाबीनमध्ये घातली. एका बाईच्या हातातली पिशवी गाडीच्या आरशाला लागून उडाली, एवढं जवळून. बाईला काही झालं नाही. स्टिअरिंग फिरून केरबाचं मनगट गेलं. ज्याचा पायडल चुकतो त्याला ह्यातलं एकही सुचत नाही. हे कळायला फिजिक्स लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोह्याच्या गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रीनं चाक काढलं होतं. पॅड काचेसारखे गुळगुळीत, काळपट, आणि कडेच्या खाचेत लालभडक. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. "बाई, ह्याला कुंकू कुणी लावलं? ब्रेकचं लगीन हुतं का?"

मला तेव्हा हसू आलं नाही.

मी सरांना सांगितलं. पॅड समोर ठेवले. सरांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "हा निष्कर्ष नाही, निरीक्षण आहे." मग त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. चालकाचे वय पाहता पायडल ओळखण्यात गफलत झाली, मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीने विचार व्हावा. विचार झाला. केरबाला व्हॅनवरून काढलं. आता तो दुसरीकडे काम मागायला जातो, तेव्हा लोक त्याच्या प्लास्टरकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. "पायडल चुकलेला तो तुम्हीच का?"

मी त्याला म्हणाले, "काका, तुम्ही का नाही बोललात संस्थेत?" तर म्हणाला, "बोललो की. साहेब म्हणले, सरांनी बसवलेलं हाय म्हणल्यावर ब्रेक कसा जाईल? म्या म्हणलं, बरं." मग म्हणाला, "पोरं रोज माझ्या मागं बसत हुती. त्यांच्या आयांना वाटंल, आपण कुणाच्या हाती दिली हुती लेकरं. तेवढंच लागतंय."

दिवाळीआधी सरांनी अंगणाची भिंत रंगवून घेतली. सतरा पायऱ्या गेल्या, सात-अ सकट. आणि माझ्याबरोबर अंगणात बसलेल्या तुम्ही अकराजणांनी त्या दिवशी काढलेले फोटो आपल्या ग्रुपवरून काढून टाकलेत. मी विचारलं तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "सरांचं वय झालं गं, कशाला?" आडतवाला म्हणाला, "गुरू आहेत आपले." तहसीलवाल्यानं दोन हात जोडलेले पाठवले. सरांचं वय झालं म्हणून सोडायचं, आणि केरबाचं वय झालं म्हणून काढायचं. वा.

केरबाला व्हॅनवर परत घ्या म्हणून मी संस्थेला साधा अर्ज लिहिलाय, पत्रकबाजी केलेली नाही. एका पानाचा. त्यात पहिली सही काकूंची आहे. त्यांनी स्वतः मागून घेतला कागद. म्हणाल्या, "तेल माझ्या घरचं, वाटी माझी, ताट म्या आणलं. आन् नगं म्हणलेलं म्या ह्या कानांनी ऐकलंय. दे हिकडं." सर आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार. बाहेर आले नाहीत. दुसरी सही माझी. खाली अकरा जागा रिकाम्या आहेत.

हे वाचणाऱ्यांत त्या अकराजणांपैकी कुणी असेलच, आणि नसेल तर तुम्ही त्यांना ओळखता. नांदेड-लातूर एवढं मोठं नाही. सरांविरुद्ध लिहा असं मी म्हणत नाही. फोटोही देऊ नका. केरबा "तेल नगा लावू" म्हणाला आणि ते मी ऐकलं, एवढं एकच वाक्य आपल्या हातानं लिहा, आणि खाली नाव घाला. सोमवारी अकरा वाजता मी संस्थेच्या ऑफिससमोर उभी असेन. या, आणि सही करा.